डावा हात वर

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू झाली होती. ओसरीत कापसाचा ढीग पडला होता आणि त्या ढिगाला पाठ टेकून मी रात्री दोन वाजता बसून होतो. आडवं झालं की खालची डावी दाढ ठणकायची, उठून बसलं की थोडी दमानं घ्यायची. लवंग चावून चावून जीभ बधिर झाली होती, दाढ मात्र होत नव्हती.

दुखणं नवीन नव्हतं. दोन वर्षांपासून ती दाढ मला सांगून राहिली होती. आधी माठातलं पाणी लागायचं, पण घोट गिळला की थांबायचं. मग गूळ लागायला लागला. मग चहा घेतला की जी कळ उठायची ती अर्धा अर्धा तास जायची नाही. आणि आता काहीच न खाता, आपोआप, रात्रीच. पहिल्या पायरीला गेलो असतो तर एका बसण्यात सिमेंट भरून काम संपलं असतं. मी चौथ्या पायरीपर्यंत थांबलो, कारण मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटायची. वय ४२. कापसाच्या पराटीत साप निघाला तर बाकीच्यांना मागे सारून काठी घेऊन पुढे होणारा मी. पण दवाखान्यातल्या त्या खुर्चीचा नुसता विचार आला तरी तळहात ओले व्हायचे.

या भीतीचा जन्म मला नेमका माहीत आहे. १९९२ साल, मी १० वर्षांचा. वरची दाढ किडली होती. आजीनं आधी एका म्हातारीकडे नेलं. ती निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकायची, नळीनं धूर तोंडात घ्यायला लावायची, आणि खाली पाण्याच्या परातीत पांढरं काही पडलं की जमलेल्या बाया म्हणायच्या, "पाह्य, निंगाले किडे." तीन वेळा धुरी घेतली. किडे निघत राहिले, दाढ दुखतच राहिली. मग बाबांनी बाजाराच्या गावी एकाकडे नेलं. तो दात काढायचा, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्यानं हिरडीत सुई टोचली आणि सुई बाहेर निघते न निघते तोच चिमटा आत घातला. मी ओरडलो. बाबांनी माझा उजवा हात धरला, दुसऱ्या एका माणसानं डावा, तिसऱ्यानं कपाळ मागे दाबलं. "एकच मिनिट रे बाबू, एकच मिनिट," बाबा म्हणत होते. तोंडात चिमटा असल्यावर 'थांबा' म्हणता येत नाही. हात धरलेले असल्यावर हातानंही सांगता येत नाही.

बाबांना मी दोष देत नाही. लेकराचं दुखणं संपवायलाच त्यांनी मला तिथे नेलं होतं. परत येताना त्यांनी पेढे घेतले. मला ते खाता येणार नव्हते, तरी त्यांनी ती पुडी सदऱ्याच्या खिशात जपून घरापर्यंत आणली. बाबा आता नाहीत. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

त्यानंतर ३२ वर्षं मी दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडलं नाही. शाळेत तपासणीला डॉक्टर आले त्या दिवशी वावरात पळालो. मुलीची दुधाची दाढ दाखवायची होती तेव्हा बायको आत गेली, मी बाहेर गाडीवर बसून राहिलो. जी बाजू दुखेल ती सोडून दुसऱ्या बाजूनं चावायचं, हे तर इतकं अंगवळणी पडलं की त्याचं काही वाटेनासं झालं.

यात आणखी एक भीती मिसळली होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. मी खर्रा खायचो. १९ वर्षांचा असल्यापासून. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून समोरच घोटून देतात. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र गावागावात तसाच घोटला जातो. दिवसाचे पाच-सहा मी सहज संपवायचो. दाढ दुखायला लागल्यावर तर त्याच बाजूला दाबून धरायचो, थोडं बरं वाटायचं. पण गेल्या तीन-चार वर्षांत ठेचा तोंडात घेतला की गालाच्या आत आग व्हायची. भाकरीचा मोठा घास घेताना जबडा अडायचा. आरशात गाल ताणून पाहिला तर आतून पांढुरका दिसायचा. जबडा काढलेली माणसं आमच्या पंचक्रोशीत मी पाहिली आहेत. डॉक्टरनं 'आ करा' म्हटलं की हे सगळं त्याला दिसणार, आणि मग तो काय शब्द उच्चारणार, हे मला ऐकायचं नव्हतं. सुईची भीती लोकांना सांगता येते. ही दुसरी सांगता येत नाही, म्हणून ती सुईच्या आड लपून बसली होती.

चौथ्या रात्रीनंतर गाल सुजला, ताप भरला. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या आणि एक गोष्ट चिठ्ठीमागे पेनानं जबडा काढून समजावून सांगितली. गोळ्यांनी पू दबेल, पण तो येतो दाढेच्या आतून, आणि आत मेलेल्या नसेपर्यंत गोळी पोचत नाही. दाढेचा इलाज केला नाही तर सूज परत येणारच. आणि सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर वाट पाहू नका, रात्र असली तरी मोठा दवाखाना गाठा. अशा सुजेनं श्वास अडून माणूस जातो. दाताच्या दुखण्यानं माणूस जाऊ शकतो, हे मी तोवर ऐकलंच नव्हतं.

पाच दिवसांनी सूज उतरल्यावर मी कळंबहून वर्ध्याची बस धरली. सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे आणि ते याच रस्त्यावर, वर्ध्याच्या अलीकडे लागतं. वर्धा नदीच्या पुलापर्यंत मी ठीक होतो. देवळी गेल्यावर पोटात कालवायला लागलं. सावंगीला उतरलो, तोंडाला दुपट्टा बांधला, दाराशी गेलो. आतून मशीनचा तो बारीक, चिरत जाणारा आवाज आला. मी वळलो आणि समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये चढलो. घरी सांगितलं, "आज लय गर्दी होती."

बायकोला खोटं कळलं. ती लगेच काही बोलली नाही. रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "अवो, निस्तं दाखवून या ना. काई करू नका देऊ. पाहाले काय जाते?" मग थोड्या वेळानं, "म्या येऊ का संगं?"

तिच्या या दोन वाक्यांवर मी नंतर बराच विचार केला. माझ्या डोक्यात जाणं म्हणजे एकाच दिवशी सगळं होणं होतं: खुर्ची, सुई, चिमटा, रक्त. तिनं त्याचे तुकडे पाडले. पहिल्या दिवशी फक्त दाखवायचं. एवढाच तुकडा असेल तर तो उचलण्यासारखा होता. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं गेलो. तिनं निघताना कळंबच्या चिंतामणीला हात जोडले आणि मला बळजबरीनं भाकर-भाजी खाऊ घातली. तेही बरंच झालं, कारण रिकाम्या पोटी आणि भीतीत खुर्चीवर बसलं की चक्कर येते, हे मला तिथेच कळलं.

तपासणीच्या विभागात एक तरुण मुलगी होती, शिकाऊ डॉक्टर. वयानं माझ्या पुतणीएवढी. तिनं बीपी, शुगर, कोणतं औषध सोसत नाही, सगळं विचारलं. मग विचारलं, "काका, भीती वाटते का?" मी नाही म्हणालो. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. तिनं एक कागद पुढे केला. पाच प्रश्न होते: उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर बसून नंबरची वाट पाहताना? मशीननं दात कोरायचा असेल तेव्हा? दात साफ करायचे असतील तेव्हा? हिरडीत इंजेक्शन द्यायचं असेल तेव्हा? प्रत्येकाला १ पासून ५ पर्यंत गुण. कमीत कमी बेरीज ५, जास्तीत जास्त २५. १९ किंवा त्याच्या वर गेलं की भीती फार आहे असं धरतात. माझे २३ आले.

त्या कागदानं माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरवलं. भीती मोजायला छापील कागद आहे, म्हणजे ती इतक्या लोकांना वाटते की डॉक्टरांना तिच्यासाठी कागद छापावा लागतो. ३२ वर्षं मी समजत होतो की हा माझ्या एकट्याचा कमकुवतपणा आहे.

मग मी तिला १९९२ ची गोष्ट सांगितली. बायकोलाही ती पूर्ण माहीत नव्हती. ती मुलगी मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "काका, आज मी इंजेक्शन देणार नाही, मशीन लावणार नाही. फक्त आरशानं पाहणार. आणि तुमचा डावा हात वर गेला की मी थांबणार. का थांबू, ते विचारणार नाही."

खुर्ची मागे झुकली. तिनं आधी तो लहान आरसा माझ्या हातात दिला, मी फिरवून पाहिला, मग तिनं तो तोंडात घातला. दोन सेकंद झाले असतील. काहीच दुखत नव्हतं. मी हात वर केला. आरसा लगेच बाहेर आला. तिनं वाट पाहिली. मी मान हलवली, आरसा आत गेला. मी परत हात वर केला. परत बाहेर. तिसऱ्यांदाही तेच. तिला समजलं असणार की मी तिची परीक्षा घेऊन राहिलो. चेहऱ्यावर जरासाही वैताग आला नाही. चौथ्या वेळी मी हात पोटावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. बायको नंतर म्हणाली, "तुमच्या डोयातून पानी चाल्लं होतं." मला ते कळलंही नव्हतं.

मला दुखण्याची भीती कधी नव्हतीच. कोयत्यानं बोट कापलं तेव्हा मी बिनभुलीचे टाके घालून घेतले आहेत. मला भीती होती ती हात धरले जाण्याची. इतकी साधी गोष्ट कळायला ४२ वर्षांचं व्हावं लागलं.

दाढ पाहून झाल्यावर तिनं माझं तोंड किती उघडतं ते मोजलं. आपलीच तीन बोटं उभी करून दातांच्या फटीत शिरायला पाहिजेत. माझी दोन शिरली, तिसरं अडलं. तिनं सरांना बोलावलं. सरांनी गाल आतून बोटानं चाचपला, दोरीसारखे पट्टे लागतात का ते पाहिलं, आणि मी जो शब्द ऐकायला घाबरत होतो तो त्यांनी उच्चारला नाही. दुसरा उच्चारला: सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं, तोंड आवळत जातं. हा कॅन्सर नाही, पण पुढे जाऊन यातून कॅन्सर होऊ शकतो. "खर्रा किती?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, लोकांना वाटतं सगळा दोष तंबाखूचा, पण तोंड आवळण्याचं मुख्य कारण सुपारी आहे. बिनतंबाखूची सुपारी खाणाऱ्यालाही हे होतं. कडक झालेलं कातडं पूर्वीसारखं मऊ होईलच असं नाही, पण आज सोडलं तर पुढे आवळणं थांबवायची संधी आहे.

तीन-चार वर्षं ज्या गोष्टीपासून तोंड लपवलं ती दोन मिनिटांत बोलून झाली. घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण अंधारात सळसळ ऐकून घाबरणं वेगळं आणि बॅटरी मारून साप दिसल्यावर घाबरणं वेगळं. दिसल्यावर निदान काठी कुठे मारायची ते समजतं.

त्याच दिवशी एक्स-रे झाला. बोटाच्या पेराएवढी पट्टी तोंडात धरायची असते. मला ओकारीची उबळ आली, तेव्हा तिनं नाकानं श्वास घ्यायला आणि पायाचे अंगठे हलवायला सांगितलं. लक्ष पायाकडे गेलं आणि काम झालं. पडद्यावर माझी दाढ दिसली. वरचं पांढरं कवच, त्यात पोखरलेला काळा खड्डा थेट नसेपर्यंत गेलेला, आणि मुळाच्या टोकाशी काळी सावली. तिथलं हाड पुवानं खाल्लं होतं. आजीचा किडा कुठेच नव्हता. दातावर बसलेले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवत जातं, हे तिनं सांगितलं. बायकोनं स्वतःचे दात दाखवून विचारलं. तिचं माहेर पांढरकवड्याकडचं, लहानपणापासून बोअरचं पाणी, दातांवर तपकिरी पट्टे. ते किडीचे नाहीत, पाण्यातल्या फ्लोराईडचे आहेत, हे तिला पहिल्यांदा कोणी सांगितलं. ती कायम तोंडावर पदर धरून हसायची.

दाढ काढायची की ठेवायची, हा प्रश्न आला. पानठेल्यावर सगळे सांगायचे, "दाढ काढली का डोये जाते." मी हेही विचारून घेतलं. चेहऱ्याला दुखणं कळवणारी नस तीन फांद्यांची असते, खालच्या जबड्याची फांदी त्यातली एक. डोळ्यानं पाहायची नस पूर्णपणे वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. तरीही दाढेची मुळं मजबूत आहेत, ठेवता येईल, असं सर म्हणाले, आणि मी रूट कॅनल करायचं ठरवलं. शिकाऊ डॉक्टर काम करतात आणि वरिष्ठ सर प्रत्येक पायरी तपासतात, त्यामुळे अशा महाविद्यालयात वेळ जास्त लागतो, पैसे कमी लागतात. मला तर तो जास्तीचा वेळच हवा होता.

इंजेक्शनच्या दिवशी रात्रभर झोप नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण पहिल्या दिवसानंतर भीती संपली असं कोणाला वाटू नये. ती आली होती, बसमध्ये माझ्या बाजूलाच बसली होती.

तिनं आधी हिरडीवर बधिर करणारा मलम लावला आणि दोन-तीन मिनिटं थांबली. सुई मला दाखवू का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो. मग म्हणाली, "यात एक औषध असं आहे की छातीत थोडं धडधडेल. ती तुमची भीती नाही, औषधाचा परिणाम आहे. दोन मिनिटांत थांबेल." खरंच धडधडलं, आणि आधी सांगितलेलं असल्यामुळे मी घाबरलो नाही. तिनं औषध फार हळू हळू सोडलं. जोरानं सोडलं की दुखतं, सुईपेक्षा त्या दाबानंच जास्त दुखतं. टोचल्याची कळ बाभळीचा काटा लागावा तेवढी, त्याहून जास्त नाही.

मग ती बसून राहिली. घड्याळात पाहत, दहा मिनिटं. मी विचारलं, "सुरू नाही करत?" म्हणाली, "ओठ जड झाला का?" खालचा ओठ अर्धा जड झाला होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. तिनं टोकदार सळईनं हिरडी टोचून पाहिली, कळलं नाही. पण दाढेत मशीन लागल्यावर आतून एक कळ आली आणि माझा हात आपोआप वर गेला. मशीन थांबलं. तिनं आणखी औषध दिलं, परत वाट पाहिली.

तेव्हाच तिनं ते सांगितलं ज्यानं माझी १९९२ ची गाठ सुटली. पिकलेल्या, सुजलेल्या जागी आम्ल वाढलेलं असतं, तिथे भुलीचं औषध नीट चालत नाही. तिथे जास्त द्यावं लागतं, कधी नसेच्या वरच्या बाजूला द्यावं लागतं, आणि वाट तर पाहावीच लागते. आणि हे औषध, लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालं आणि १९४८ पासून वापरात आहे. म्हणजे मला तिघांनी धरलं होतं तेव्हा या औषधाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. औषध होतं, कदाचित त्या सुईत तेच होतं. दहा मिनिटं थांबणारा माणूस नव्हता. मी खुर्चीत पडल्या पडल्या त्या दहा वर्षांच्या पोराचा विचार करत होतो. तो भित्रा नव्हता. त्याला खरंच दुखत होतं.

बाकी काम जसं झालं तसं सांगतो. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्यामुळे पाणी घशात जात नाही. नसेच्या नळ्या रंगीत मुठीच्या बारीक सुयांनी साफ करतात. माझ्या दाढेत तीन नळ्या होत्या. सुई मुळाच्या टोकाशी पोचली की एक यंत्र टी-टी वाजतं. धुवायला जे औषध वापरलं त्याचा वास ओळखीचा निघाला, ग्रामपंचायत टाकीत ब्लिचिंग पावडर टाकते त्या दिवशी नळाला येतो तसा. डोळे मिटून मी मनातल्या मनात वावरात डवरण करत होतो. पिकाच्या एका तासाच्या, म्हणजे ओळीच्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत श्वास आत, वळताना थांबायचं, परतीच्या तासाला श्वास बाहेर. चौदा ओळी झाल्या तेव्हा ती म्हणाली, "झालं आजचं." तात्पुरतं सिमेंट भरलं त्याला लवंगेचा वास होता. लवंगेच्या तेलातलंच औषध असतं त्यात. आजीची लवंग अगदीच खोटी नव्हती.

आता माझी चूक. त्या बसण्यानंतर दुखणं पूर्ण थांबलं आणि मी पुढची तारीख पाळली नाही. तूर सोंगायची आहे, मजूर मिळत नाहीत, अशी कारणं होती आणि ती खरी होती. पण आतून मला माहीत होतं की दुखणं गेल्यावर भीतीला परत बोलायला जागा मिळाली होती. 'आता कशाला?' असं ती म्हणत होती. तीन आठवड्यांनी सिमेंटचा तुकडा पडला आणि बायकोनं काही न बोलता पिशवी भरली. तिकडे गेल्यावर मी कारणं सांगायला लागलो. शिकाऊ डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आलात ना." आत परत घाण गेल्यामुळे एक बसणं वाढलं. शेवटी नळ्या गट्टा-पर्चानं भरल्या. तो मलायाकडच्या एका झाडाच्या चिकापासून येतो, हे ऐकून मला फार बरं वाटलं. दाढेवर टोपी बसली. एक्स-रेतली ती काळी सावली भरून यायला महिने लागतात, हाड हळूच भरतं.

खर्रा त्या दिवसापासून सोडला. मधे दोनदा खाल्ला, तेही इथे लिहून ठेवतो. तंबाखूच्या पुड्यांवर सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा सरकारी नंबर छापलेला असतो. खर्ऱ्याला पुडीच नसते, पन्नी असते, तिच्यावर ना चित्र, ना नंबर. म्हणून मी तो नंबर पानठेल्याच्या शेजारच्या भिंतीवर चुन्यानं लिहिला आणि ठेलेवाल्यानंही तो पुसला नाही. तोंड उघडायचा व्यायाम रोज करतो. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. सुरुवातीपेक्षा आता तीन जास्त जातात. तिसरं बोट अजून पूर्ण जात नाही.

उन्हाळा लागला तेव्हा पानठेल्यावरचा माझा जुना सोबती संध्याकाळी वावरात आला. इकडचं तिकडचं बोलला, मग धुऱ्यावर बसून हळूच म्हणाला, "दुखते का बे? खरं सांग."

मी म्हणालो, "सुई टोचते. बाकी नाही दुखत. अन् दुखलं तं थांबते ते."

"थांबते?"

"हात वर केला का थांबते."

त्याचा विश्वास बसला नाही. मी मोबाइलची बॅटरी लावून त्याला आ करायला सांगितलं. त्याची दीड बोटंच गेली. मी काही बोललो नाही, फक्त सकाळच्या बसची वेळ सांगितली.

त्याच्या घरचं कोणी येऊ शकलं नाही, मी गेलो. पहिल्या दिवशी फक्त तपासणी, तोच कागद, तेच पाच प्रश्न. गालाचा इलाज लांबचा होता, तो त्या विभागात वेगळा सुरू झाला. समोरचे दोन किडलेले दात मात्र दुसऱ्या खेपेला घ्यायचे ठरले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्याचा दुपट्टा आणि चपला माझ्याजवळ होत्या. आतून तो बारीक आवाज सुरू झाला, तोच, ज्याला ऐकून मी दारातून पळालो होतो. माझे तळहात अजूनही ओले झाले.

मग आतलं मशीन थांबलं.

दोन मिनिटं काहीच आवाज नव्हता. नंतर ते परत सुरू झालं.